डेडलॉक आणि प्रोसेस शेड्यूलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत संगणक अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी, तसेच हिंजवडी आणि खराडी परिसरातील कंपन्यांत नव्याने रुजू झालेले अभियंते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेड्यूलिंग आणि डेडलॉक ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. मग त्यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय?

शेड्यूलर, म्हणजे पुढे कोणत्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) सीपीयू द्यायचा हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग, फक्त रेडी अवस्थेतील प्रोसेसमधून निवड करतो. ज्यांना चालण्यासाठी सीपीयूखेरीज दुसरे काहीही नको आहे, अशाच प्रोसेस त्याच्या रांगेत असतात. डेडलॉक हा वेटिंग अवस्थेतील प्रोसेसचा प्रश्न आहे: एका गटातील प्रत्येक प्रोसेस अशा घटनेची वाट पाहत असते, जी त्याच गटातील दुसरी एखादी प्रोसेसच घडवू शकते. त्यामुळे त्या गटातील कोणीही पुन्हा रेडी रांगेत येत नाही, आणि शेड्यूलर कितीही हुशार असला तरी जे त्याच्या रांगेतच नाही त्याला तो सोडवू शकत नाही.

तरीही संबंध आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. कोडमध्ये डेडलॉकची शक्यता दडलेली असेल तर ती कोणत्या दिवशी प्रत्यक्षात येईल, हे शेड्यूलरने थ्रेड (प्रोसेसमधील स्वतंत्रपणे चालणारा प्रवाह) कोणत्या क्षणी थांबवला यावर ठरते. म्हणूनच एखादा प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर महिनोन्महिने सुरळीत चालतो आणि जास्त कोर असलेल्या सर्व्हरवर पहिल्याच आठवड्यात अडकतो. शेड्यूलर स्वतःच अडवणुकीचे कारण ठरतो असेही एक प्रकरण आहे. ते प्रश्न २० मध्ये आहे.

२. वेटिंग टाइम, टर्नअराउंड टाइम आणि रिस्पॉन्स टाइम यांत माझा नेहमी गोंधळ होतो. एका उदाहरणातून समजावाल का?

प्रोसेस आल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा काळ म्हणजे टर्नअराउंड टाइम. त्यातून तिचा बर्स्ट टाइम, म्हणजे तिला लागणारा सीपीयूचा वेळ, वजा केला की वेटिंग टाइम मिळतो. आल्यापासून पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंतचा काळ म्हणजे रिस्पॉन्स टाइम.

तीन प्रोसेस घेऊ. ‘क’ शून्याव्या क्षणी येते आणि तिला ६ एकक सीपीयू हवा आहे. ‘ख’ क्षण १ ला येते, तिला ४ हवे आहेत. ‘ग’ क्षण २ ला येते, तिला २ हवे आहेत. एफसीएफएसमध्ये, म्हणजे आलेल्या क्रमाने चालवल्यास, ‘क’ ० ते ६, ‘ख’ ६ ते १० आणि ‘ग’ १० ते १२ चालते. वेटिंग टाइम अनुक्रमे ०, ५ आणि ८, म्हणजे सरासरी ४.३३. येथे मध्येच कोणी थांबवले जात नसल्यामुळे रिस्पॉन्स टाइमही तेवढाच येतो.

आता याच प्रोसेस २ एककांच्या क्वांटमने राउंड रॉबिनमध्ये, म्हणजे प्रत्येकीला पाळीपाळीने ठरलेला वेळ (क्वांटम) देऊन चालवल्या, तर क्रम क, ख, ग, क, ख, क असा लागतो. ‘ग’ ६ ला, ‘ख’ १० ला आणि ‘क’ १२ ला संपते. वेटिंग टाइम ६, ५ आणि २, म्हणजे सरासरी पुन्हा ४.३३ च. मात्र रिस्पॉन्स टाइम ०, १ आणि २ असल्याने त्याची सरासरी ४.३३ वरून १ वर येते. राउंड रॉबिन कशासाठी आहे याचे उत्तर या दोन आकड्यांत मिळते: सरासरी वाट पाहणे कमी करण्याचे आश्वासन ती पद्धत देतच नाही, प्रत्येकाची दखल लवकर घेण्याचे देते. परीक्षेत ‘राउंड रॉबिनने वेटिंग टाइम कमी होतो’ असे लिहिणारे अनेक जण येथेच गुण गमावतात.

३. राउंड रॉबिनमध्ये एखाद्या प्रोसेसचा क्वांटम संपला त्याच क्षणी नवी प्रोसेस आली, तर रांगेत आधी कोणाला घ्यायचे?

याचे एकच अधिकृत उत्तर नाही. तो संकेताचा भाग आहे. बहुतेक पाठ्यपुस्तके आणि प्राध्यापक नव्या प्रोसेसला आधी घेतात आणि वरचे उदाहरण त्याच संकेतानुसार सोडवले आहे. क्षण २ ला ‘ग’ येते आणि त्याच क्षणी ‘क’ चा क्वांटम संपतो, हे लक्षात घ्यावे. तेथे ‘क’ ला आधी रांगेत घातले तर ‘ग’ ६ ऐवजी ८ ला संपते, तिचा वेटिंग टाइम २ ऐवजी ४ होतो आणि सरासरी ४.३३ ऐवजी ५ येते. मित्राचे आणि आपले उत्तर जुळत नसेल तर गणित तपासण्यापूर्वी दोघांनी हा संकेत तपासावा. उत्तरपत्रिकेत सुरुवातीलाच एका वाक्यात गृहीतक लिहावे, म्हणजे तपासणाऱ्याला शंका राहत नाही.

४. शॉर्टेस्ट जॉब फर्स्टचा (सर्वांत लहान काम आधी) सरासरी वेटिंग टाइम सर्वांत कमी असतो असे सिद्ध झाले आहे. मग खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तोच का वापरत नाहीत?

कारण पुढचा बर्स्ट किती लांब असेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. प्रश्न २ मधील प्रोसेस शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइम पद्धतीने (जिचे उरलेले काम सर्वांत कमी तिला, चालू प्रोसेस थांबवूनही, सीपीयू देऊन) चालवल्या तर वेटिंग टाइम ६, २ आणि ० येतो, म्हणजे सरासरी २.६७. पण हे शक्य झाले ते ६, ४ आणि २ हे आकडे प्रश्नातच दिलेले होते म्हणून. प्रत्यक्षात मागील बर्स्टवरून अंदाज बांधावा लागतो: नुकताच झालेला खरा बर्स्ट आणि आधीचा अंदाज यांची भारित सरासरी हा पुढचा अंदाज मानला जातो. दुसरी अडचण न्यायाची आहे. लहान कामे सतत येत राहिली तर मोठ्या कामाची पाळी कधीच येत नाही (प्रश्न १७ पहा).

तरीही ही कल्पना वाया गेलेली नाही. अनेक स्तरांच्या फीडबॅक रांगा, ज्यांचे मूळ १९६२ च्या सुमारास फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत उभारलेल्या सीटीएसएस प्रणालीत आहे, त्या हीच गोष्ट अंदाजाचे सूत्र न मांडता साधतात. जी प्रोसेस आपला क्वांटम पूर्ण वापरते ती खालच्या स्तरावर जाते. जी लवकर थांबून इनपुटची वाट पाहते ती वरच राहते.

५. क्वांटम किती असावा?

कॉन्टेक्स्ट स्विचला (एका प्रोसेसवरून दुसरीवर जाण्याला) लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत पुष्कळ मोठा, पण माणसाला उशीर जाणवणार नाही इतका लहान. क्वांटम फार मोठा ठेवला तर राउंड रॉबिनचा एफसीएफएस होतो. फार लहान ठेवला तर रजिस्टर बदलण्यात आणि कॅशमध्ये नवा डेटा आणण्यात वेळ वाया जातो. प्रत्यक्षातील आकडे काही मिलिसेकंदांपासून शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत असतात. लिनक्समधील रिअल-टाइम राउंड रॉबिन धोरणाचा मूळ क्वांटम १०० मिलिसेकंदांचा आहे.

६. लिनक्समध्ये यांपैकी नेमका कोणता अल्गोरिदम आहे, आणि नाइस व्हॅल्यूने काय बदलते?

पाठ्यपुस्तकातील कोणताही एक अल्गोरिदम जसाच्या तसा तेथे नाही. ऑक्टोबर २००७ मधील २.६.२३ या आवृत्तीपासून सामान्य प्रोसेससाठी सीएफएस, म्हणजे संपूर्ण न्याय्य वाटपाचा शेड्यूलर होता. ज्या प्रोसेसला आतापर्यंत तिच्या वाट्याच्या मानाने सर्वांत कमी सीपीयू मिळाला आहे, तिला तो पुढे बोलावत असे. ऑक्टोबर २०२३ मधील ६.६ या आवृत्तीपासून त्याची जागा ईईव्हीडीएफने घेतली. स्टोइका आणि अब्देल-वहाब यांनी १९९५ साली मांडलेल्या कल्पनेवर तो आधारलेला आहे. न्याय्य वाट्याचा हिशेब त्यात कायम आहेच, पण ज्यांचे येणे बाकी आहे त्यांच्यापैकी कोणाची आभासी मुदत आधी संपते, हेही तो पाहतो.

नाइस व्हॅल्यू −२० ते १९ या दरम्यान असते आणि ती त्या प्रोसेसचे वजन ठरवते. नाइस ० चे वजन १०२४, नाइस ५ चे ३३५. एकाच कोरवर या दोन प्रोसेस सतत चालू पाहत असतील तर पहिलीला सुमारे ७५ टक्के आणि दुसरीला २५ टक्के सीपीयू मिळतो. म्हणजे नाइस वाढवल्याने प्रोसेस उपाशी राहत नाही, तिचा वाटा कमी होतो. जुन्या अर्थाची काटेकोर प्रायॉरिटी हवी असेल तर रिअल-टाइम धोरणे वेगळी आहेत आणि ती काळजीपूर्वकच वापरावीत. त्याचे कारण प्रश्न २० मध्ये दिले आहे.

७. प्रायॉरिटीचा लहान अंक म्हणजे वरची पायरी की खालची?

हे प्रणालीवर अवलंबून आहे. लिनक्सच्या नाइसमध्ये लहान अंक वरचा मानला जातो, तर विंडोजच्या ० ते ३१ या पायऱ्यांत आणि लिनक्सच्याच १ ते ९९ या रिअल-टाइम पायऱ्यांत मोठा अंक वरचा असतो. उदाहरणात स्पष्ट सांगितले नसेल तर येथेही गृहीतक लिहावे.

८. डेडलॉकच्या चार अटींपैकी तीन पूर्ण झाल्या तर डेडलॉक होईल का?

नाही. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली एकत्र मांडलेल्या चारही अटी एकाच वेळी लागतात: रिसोर्स (प्रोसेसला लागणारी प्रिंटरसारखी गोष्ट) एका वेळी एकालाच वापरता येणे, हातातले न सोडता पुढचे मागणे, दिलेले जबरदस्तीने काढून न घेता येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ तयार होणे. त्यांतील एक जरी मोडली तरी डेडलॉक होऊ शकत नाही, आणि प्रिव्हेन्शनच्या, म्हणजे डेडलॉक आधीच रोखण्याच्या, सर्व पद्धती म्हणजे यांपैकी एखादी अट जाणीवपूर्वक मोडणेच होय.

चौथी अट पहिल्या तिघींच्या पंक्तीतली नाही, हे मात्र समजून घ्यावे. पहिल्या तीन अटी या प्रणालीच्या नियमांविषयी आहेत आणि त्या दिवसभर लागू असू शकतात. वर्तुळ ही एका विशिष्ट क्षणाची स्थिती आहे. म्हणूनच पहिल्या तीन अटी असलेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा नीट चालतो.

९. रिसोर्स ॲलोकेशन ग्राफमध्ये सायकल दिसली की डेडलॉक आहे असे लिहिले तर चालेल का?

कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवे हे बाणांनी दाखवणाऱ्या या ग्राफमध्ये प्रत्येक रिसोर्सची एकच प्रत असेल तरच चालेल. एकाहून अधिक प्रती असतील तर सायकल ही डेडलॉकची आवश्यक खूण आहे, पण पुरेशी नाही. प्रिंटरच्या दोन प्रती आहेत, एक ‘क’ कडे आणि दुसरी ‘घ’ कडे आहे, आणि ‘ख’ प्रिंटरची तर ‘क’ ‘ख’ कडील दुसऱ्या रिसोर्सची वाट पाहत असल्याने सायकल फक्त ‘क’ आणि ‘ख’ मध्ये आहे असे समजा. ‘घ’ कोणाचीच वाट पाहत नसेल, तर ती काम संपवून प्रिंटर सोडेल आणि सायकल आपोआप तुटेल. अशा वेळी ग्राफवर न थांबता कोण पूर्ण होऊ शकते, त्यामुळे काय मोकळे होते आणि पुढे कोण पूर्ण होऊ शकते, अशी छाननी करावी लागते. ती बँकर्स अल्गोरिदमच्या (रिसोर्स देण्यापूर्वी सर्वांची गरज भागेल ना हे पाहणारी पद्धत, प्रश्न ११ पहा) तपासणीसारखीच असते. फरक इतकाच की तेथे कमाल गरज धरतात आणि येथे चालू मागणी.

१०. ‘डेडलॉक होऊ नये म्हणून किमान किती रिसोर्स हवेत’ या गणिताचे सूत्र कोठून येते?

सर्वांत वाईट स्थितीची कल्पना केली की सूत्र पाठ करावे लागत नाही. ५ प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीला एकाच प्रकारचे जास्तीत जास्त ३ रिसोर्स लागतात. प्रत्येकीच्या हातात २ आहेत आणि प्रत्येकीला आणखी एक हवा आहे, ही सर्वांत वाईट स्थिती होय. त्यात १० रिसोर्स गुंतले. अकरावा असेल तर तो कोणाला तरी मिळेल, ती प्रोसेस पूर्ण होईल आणि तिचे तीनही मोकळे होतील. म्हणून उत्तर ११. गरजा वेगवेगळ्या असतील तर प्रत्येकीच्या गरजेतून एक वजा करून बेरीज करावी आणि शेवटी एक मिळवावा.

११. अनसेफ स्टेट म्हणजे डेडलॉकच ना?

नव्हे, आणि हा फरक समजल्याशिवाय बँकर्स अल्गोरिदम समजला असे म्हणता येत नाही. एकाच प्रकारचे १० रिसोर्स घेऊ. ‘क’ ची कमाल गरज ८, हातात ४. ‘ख’ ची कमाल ५, हातात ३. ‘ग’ ची कमाल ७, हातात १. मोकळे २ उरले. ‘ख’ ला फक्त २ हवेत, ते मिळून ती संपली की ५ मोकळे होतात. त्यांतून ‘क’ चे ४ भागतात आणि ती संपल्यावर ९ मोकळे होतात. मग ‘ग’ चे ६ सहज भागतात. ख, क, ग हा सेफ क्रम सापडला, म्हणून ही सेफ स्टेट आहे.

आता ‘ग’ ने आणखी एक मागितला आणि तो दिला असे समजू. मोकळा १ उरतो. ‘ख’ ला २, ‘क’ ला ४ आणि ‘ग’ ला ५ हवे असू शकतात, म्हणजे कोणाचीही कमाल गरज भागवण्याची हमी राहत नाही. ही अनसेफ स्टेट झाली. पण या क्षणी कोणीही अडकलेले नाही. ‘ख’ आपली कमाल गरज कधीच न मागता संपू शकते किंवा हातातला एखादा रिसोर्स मध्येच परत करू शकते. डेडलॉक होईलच असे अनसेफ स्टेट सांगत नाही. तो टाळणे आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात राहिले नाही, एवढेच सांगते. प्रत्येक डेडलॉक अनसेफ असतो, प्रत्येक अनसेफ स्टेट डेडलॉक नसते.

१२. मग बँकर्स अल्गोरिदम कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वापरतात?

आज सर्वसाधारण वापरात असलेल्या लिनक्स, विंडोज किंवा मॅकओएसमध्ये तो प्रोग्रॅमच्या लॉकसाठी (सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरता यावा म्हणून घेतलेल्या ताब्यासाठी) वापरला जात नाही. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर तो मांडला, तेव्हा प्रोसेसची संख्या ठरलेली असणे आणि प्रत्येकीने कमाल गरज आधी सांगणे ही गृहीतके वास्तवाच्या जवळ होती. आज ब्राउझरला किती लॉक लागतील हे तो लिहिणाऱ्यालाही आधी सांगता येणार नाही. शिवाय प्रत्येक मागणीला सगळ्या प्रोसेसची तपासणी करावी लागते. आमच्या मते तो तरीही नीट शिकावा, कारण भविष्याविषयीची माहिती हातात असेल तर तिचा उपयोग किती नेमकेपणाने करता येतो, हे त्यातून कळते.

१३. ‘हातातले न सोडता पुढचे मागणे’ ही अट मोडणारी खरी प्रणाली कोणती?

याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. पाषाण येथील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन) संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. परम ही मालिका १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने सुरू केली आणि तिचा पहिला संगणक, परम ८०००, १९९१ साली तयार झाला. अशा महासंगणकांवर संशोधक आपले काम थेट चालवत नाहीत. किती नोड (महासंगणकातील वेगवेगळे संगणक) आणि किती तास हवेत हे आधी लिहून ते काम रांगेत लावतात. बॅच शेड्यूलर सगळे नोड एकदम मोकळे होईपर्यंत काम सुरूच करत नाही. निम्मे नोड धरून उरलेल्या निम्म्यांची वाट पाहणारे काम तेथे संभवत नाही, म्हणून नोडसाठी डेडलॉकही संभवत नाही.

याची किंमत म्हणजे मोठ्या कामासाठी नोड जमा होईपर्यंत काही नोड रिकामे राहतात. त्या रिकाम्या वेळात, मोठ्या कामाची ठरलेली वेळ न ढळवता, लहान कामे बसवण्याच्या पद्धतीला बॅकफिल म्हणतात. ती चांगली चालावी म्हणून आपल्या कामाला लागणारा वेळ प्रामाणिकपणे लिहावा. सुरक्षित वाटते म्हणून कमाल मर्यादा लिहिणाऱ्याचे स्वतःचेच काम मागे राहते.

१४. मी स्वतः मल्टिथ्रेडेड कोड लिहितो. डेडलॉक टाळण्यासाठी एकच सवय लावायची असेल तर कोणती?

सर्व लॉकना एक ठरलेला क्रम द्या आणि एकाहून अधिक लॉक लागतील तेव्हा ते त्याच क्रमाने घ्या. हॅवेंडर यांनी १९६८ साली आयबीएमच्या ओएस/३६० संदर्भात हा उपाय मांडला आणि आजही याहून उपयुक्त उपाय रोजच्या कामासाठी दुसरा नाही. प्रत्येक थ्रेड चढत्या क्रमानेच मागत असेल, तर ज्याच्या हातात सर्वांत वरचा लॉक आहे तो आणखी कोणाचीच वाट पाहत नसतो किंवा मोकळ्या लॉकचीच वाट पाहतो. त्यामुळे वर्तुळ बंदच होत नाही.

नेहमीचे उदाहरण पैसे हस्तांतराचे आहे. एक थ्रेड खाते १०१ मधून २०५ मध्ये रक्कम पाठवतो, त्याच वेळी दुसरा २०५ मधून १०१ मध्ये पाठवतो. दोघेही ‘आधी देणाऱ्याचा लॉक, मग घेणाऱ्याचा’ असे लिहिलेले असतील तर प्रत्येकाच्या हातात एक लॉक राहून दोघे कायमचे थांबू शकतात. ‘आधी लहान खाते क्रमांकाचा लॉक, मग मोठ्याचा’ असे लिहिले की प्रश्न सुटतो. येथे एक अपवाद हमखास विसरला जातो: दोन्ही खाती एकच असतील तर तोच लॉक दोनदा मागितला जातो, आणि त्याचे काय होते हे प्रश्न १९ मध्ये आहे.

हा क्रम कागदावर ठरवणे सोपे असते. मोठ्या प्रकल्पात तो टिकवणे अवघड जाते. तो बहुधा अशा ठिकाणी मोडतो, जेथे लॉक हातात असताना दुसऱ्याने लिहिलेले फंक्शन किंवा कॉलबॅक बोलावले जाते आणि ते आत कोणता लॉक घेते हे आपल्याला दिसत नाही. म्हणून लॉक धरून अनोळखी कोड बोलावू नये. लागणारा डेटा कॉपी करून घ्यावा, लॉक सोडावा आणि मग बोलवावे. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी लॉकडेप हे साधन २००६ पासून आहे. लॉक कोणत्या क्रमाने घेतले गेले याची ते नोंद ठेवते आणि उलटा क्रम एकदा जरी दिसला तरी प्रत्यक्ष डेडलॉक न होताच इशारा देते. सी++ मध्ये २०१७ च्या मानकापासून स्कोप्ड लॉक आहे, जो दिलेले सर्व लॉक डेडलॉक होऊ न देता घेतो. मात्र ते सर्व एकाच ठिकाणी मागावे लागतात.

१५. ऑपरेटिंग सिस्टिम डेडलॉककडे दुर्लक्ष करते असे शिकवतात. हे खरे आहे का?

सामान्य म्यूटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला घेता येणाऱ्या लॉकच्या) बाबतीत खरे आहे. तपासणीचा खर्च प्रत्येक प्रोग्रॅमला रोज सोसावा लागेल आणि डेडलॉक सापडला तरी कोणाला मारायचे हे ऑपरेटिंग सिस्टिमला ठरवता येणार नाही, हे त्यामागचे कारण आहे. पण ‘नेहमीच दुर्लक्ष’ हे विधान चुकीचे ठरते. लिनक्समध्ये फाइलच्या एफसीएनटीएल लॉकसाठी वाट पाहण्याची मागणी केली आणि त्यातून वर्तुळ तयार होत असेल, तर कर्नल ती मागणी डेडलॉकची त्रुटी दाखवून नाकारतो.

डेटाबेसची गोष्ट वेगळी आहे, कारण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचा बदलांचा गट) मागे फिरवता येते. मायएसक्यूएलमधील इनोडीबी मूळ सेटिंगमध्ये लगेच वर्तुळ शोधते आणि कमी बदल केलेले ट्रान्झॅक्शन मागे फिरवते. त्रुटी १२१३ दिसते ती यामुळे. पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंगनुसार एक सेकंद वाट पाहिल्यावरच तपासणी सुरू होते, कारण बहुतेक लॉक त्याआधीच मोकळे होतात. दोन्हीकडे मागे फिरलेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची जबाबदारी आपल्या कोडची असते, आणि अनेक ॲप्लिकेशन्समध्ये तेवढाच भाग लिहायचा राहिलेला असतो.

१६. प्रोग्रॅम अडकला आहे. तो डेडलॉक आहे की आणखी काही, हे कसे ओळखावे?

प्रथम सीपीयूचा वापर पाहावा. एखादा कोर पूर्ण व्यग्र असेल तर अनंत लूप, लाइव्हलॉक (प्रश्न १७ पहा) किंवा स्पिनलॉकचा (प्रश्न २० पहा) संशय घ्यावा. वापर शून्याजवळ असेल तर थ्रेड कशाची तरी वाट पाहत आहेत. ते एकमेकांची पाहत आहेत की नेटवर्कवरील उत्तराची, हे स्टॅक (थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये थांबला आहे याची यादी) पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून काही सेकंदांच्या अंतराने दोनदा सर्व थ्रेडचे स्टॅक घ्यावेत. दोन्ही वेळा तेच थ्रेड लॉक घेण्याच्या त्याच ओळीवर असतील तर कोणाच्या हातात कोणता लॉक आहे हे कागदावर मांडून वर्तुळ शोधावे.

जावामध्ये जेस्टॅक हे साधन वर्तुळ स्वतः शोधून शेवटी छापते. मात्र सेमाफोरमुळे (किती जणांना आत सोडायचे याची मोजणी ठेवणाऱ्या साधनामुळे) झालेला डेडलॉक ते दाखवत नाही. सेमाफोरला मालक नसतो. तो कोणताही थ्रेड मोकळा करू शकतो, त्यामुळे वाट पाहणाऱ्याकडून कोणाकडे बाण काढायचा हेच ठरत नाही. सी आणि सी++ मध्ये जीडीबी जोडून सर्व थ्रेडचे बॅकट्रेस घ्यावेत. लिनक्सवर म्यूटेक्सच्या आतील ओनर या क्षेत्रात तो धरून बसलेल्या थ्रेडचा क्रमांक बहुधा मिळतो.

कर्नलच्या नोंदीत ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेले टास्क’ असा संदेश दिसला तर तो वेगळा प्रकार आहे. तो कर्नलच्या आत, बहुधा डिस्क किंवा नेटवर्क फाइल सिस्टिमची, न मोडता येणारी वाट पाहणाऱ्या प्रोसेसविषयी असतो. आपल्या म्यूटेक्सवर थांबलेले थ्रेड साध्या झोपेच्या अवस्थेत दिसतात आणि त्यांच्याविषयी कर्नल काहीच बोलत नाही.

१७. स्टार्व्हेशन, लाइव्हलॉक आणि डेडलॉक यांतील फरक कसा लक्षात ठेवावा?

डेडलॉकमध्ये गटातील कोणीच पुढे जात नाही आणि कोणी हालचालही करत नाही. लाइव्हलॉकमध्ये सगळे हालचाल करतात पण पुढे कोणीच जात नाही: पेठेतील अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच वेळी एकाच बाजूला सरकत राहावीत, तसे. एक लॉक मिळाला नाही की दुसरा सोडून लगेच पुन्हा प्रयत्न करणाऱ्या कोडमध्ये हे होते, आणि पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी प्रत्येकाने यादृच्छिक काळ थांबणे हा त्यावरचा उपाय आहे. स्टार्व्हेशनमध्ये बाकीचे पुढे जातात, एकाचीच पाळी येत नाही. वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी हळूहळू वाढवणे, म्हणजे एजिंग, हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

१८. कमी प्रायॉरिटीच्या प्रोसेसमुळे जास्त प्रायॉरिटीची प्रोसेस अडते, हे कसे शक्य आहे?

याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मंगळावर घडले. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे खालच्या प्रायॉरिटीचे काम एक म्यूटेक्स धरून होते. यानाच्या माहितीवाहिनीचे वरच्या प्रायॉरिटीचे काम तोच म्यूटेक्स मागत थांबले होते. तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचे संपर्काचे काम आले. त्याने खालच्या कामाला बाजूला सारले, आणि त्यामुळे म्यूटेक्स सुटेना. वरचे काम वेळेत झाले नाही हे पाहून वॉचडॉग यंत्रणा संगणक रीसेट करत असे.

उपाय व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच होता, फक्त त्या म्यूटेक्ससाठी तो बंद ठेवलेला होता. प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केला की म्यूटेक्स धरणाऱ्या कामाला, तो सोडेपर्यंत, वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी मिळते आणि मधले काम आड येऊ शकत नाही. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर बिघाड पुन्हा घडवून तो समजून घेतला आणि बदल यानाकडे पाठवला. हा डेडलॉक नव्हता, कारण मधले काम संपल्यावर सगळे सुटलेच असते. पण ज्या प्रणालीत वेळेत होणे हाच बरोबर असण्याचा भाग आहे, तेथे तेवढाही उशीर परवडत नाही.

१९. एकच थ्रेड असताना किंवा एकही लॉक नसताना डेडलॉक होऊ शकतो का?

दोन्ही शक्य आहे. साधा म्यूटेक्स हातात असताना त्याच थ्रेडने तो पुन्हा मागितला तर तो स्वतःचीच वाट पाहत थांबतो. रिकर्सिव्ह म्यूटेक्स वापरला तर हे टळते, पण अनेकदा त्यामुळे कोडच्या रचनेतील दोष झाकला जातो. विकासाच्या काळात चूक दाखवणारा एररचेक प्रकार वापरणे अधिक चांगले. मेमरी वाटपाचे फंक्शन चालू असताना सिग्नल आला आणि सिग्नल हँडलरनेही मेमरी मागितली, तरी हाच प्रकार घडू शकतो.

लॉक नसलेला डेडलॉक पाइपच्या (एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या मार्गाच्या) प्रात्यक्षिकात भेटतो. पेरेंट प्रोसेस चाइल्डला, म्हणजे तिनेच सुरू केलेल्या प्रोसेसला, एका पाइपमधून डेटा पाठवते आणि उत्तर दुसऱ्या पाइपमधून वाचणार असते. लिनक्समध्ये पाइपची मूळ क्षमता ६५,५३६ बाइट असते. चाइल्डचे उत्तर त्याहून मोठे झाले की ती लिहिताना थांबते आणि पुढे वाचत नाही. मग पेरेंटचाही पाइप भरतो आणि तीही लिहितानाच थांबते. लहान फाइलवर चालणारा प्रोग्रॅम मोठ्या फाइलवर अडकतो तो बहुधा यामुळे. लिहिणे आणि वाचणे आलटून पालटून किंवा वेगळ्या थ्रेडमध्ये करावे. पाइपचे न वापरलेले टोक बंद करायला विसरल्यास वाचणाऱ्याला फाइल संपल्याची खूण कधीच मिळत नाही. तेही एक वेगळे अडकणे आहे.

२०. शेड्यूलर स्वतः डेडलॉक घडवू शकतो असे प्रश्न १ मध्ये म्हटले आहे. ते कसे?

एकच कोर आहे आणि खालच्या प्रायॉरिटीच्या थ्रेडने स्पिनलॉक घेतला आहे असे समजा. तेवढ्यात काटेकोर प्रायॉरिटीचा रिअल-टाइम थ्रेड जागा होतो, कोर बळकावतो आणि तोच स्पिनलॉक मागतो. स्पिनलॉक मागणारा झोपत नाही. तो लूपमध्ये फिरत राहतो. वरचा थ्रेड कोर सोडत नाही, म्हणून खालचा चालत नाही. खालचा चालत नाही, म्हणून लॉक सुटत नाही. येथे वर्तुळातील एक दुवा लॉकचा आहे आणि दुसरा सीपीयूचा. एरवी सीपीयू काढून घेता येतो म्हणून त्यावरून डेडलॉक होत नाही. काटेकोर प्रायॉरिटीने तो काढून घेणेच बंद केले, म्हणजे प्रश्न ८ मधील तिसरी अट सीपीयूलाही लागू झाली.

म्हणूनच लिनक्स कर्नलमध्ये स्पिनलॉक हातात असेपर्यंत त्या कोरवर प्रीएम्प्शन (चालू थ्रेडकडून कोर काढून घेणे) सामान्यतः बंद असते, आणि इंटरप्ट हँडलरलाही लागणारा लॉक घेताना इंटरप्टही बंद करावे लागतात. यूजर प्रोग्रॅमला हे संरक्षण नाही. लिनक्समध्ये अनेक वर्षांपासूनच्या मूळ सेटिंगनुसार रिअल-टाइम कामांना दर सेकंदातील ०.९५ सेकंदच मिळतात, त्यामुळे उरलेल्या वेळात खालचा थ्रेड लॉक सोडू शकतो आणि प्रोग्रॅम कायमचा अडकण्याऐवजी अधूनमधून विलक्षण मंद झालेला दिसतो. ही मर्यादा काढून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास आढळतो. तो पाळण्यापूर्वी आपल्या रिअल-टाइम थ्रेडमधील प्रत्येक स्पिनलॉकच्या जागी प्रायॉरिटी इनहेरिटन्स असलेला म्यूटेक्स आला आहे, याची खात्री करून घ्यावी.